गॅरेजमध्ये घासत नाही, घाटात घासतो: मोठी चाके बसवल्यावर टायर पुन्हा पुन्हा घासण्याचे निदान

एसयूव्हीला मोठी चाके बसवल्यानंतर टायर घासण्याची तक्रार पुण्यात नवी नाही, पण तिच्यातला एक प्रकार फार चिवट आहे. चाके बसवून देणारा माणूस मोकळ्या जागेत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून दाखवतो, कुठेही काही लागत नाही, पैसे चुकते होतात. आणि पुढच्याच रविवारी, गाडीत पाच माणसे बसलेली असताना, सिंहगडाचा घाट उतरताना एखाद्या उजव्या वळणावर पुढच्या डाव्या चाकातून खर्र असा आवाज येतो. गाडी परत नेली की लायनरचा, म्हणजे चाकावरच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा, एक तुकडा कापला जातो, काही आठवडे शांतता राहते आणि पावसाळ्यात आवाज पुन्हा सुरू होतो. मग एक जण स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) सुचवतो, दुसरा लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) सुचवतो आणि खर्च वाढत जातो. या साऱ्या खटाटोपात टायर नेमका कोणत्या भागाला लागतो आणि गाडी कोणत्या स्थितीत असताना लागतो, हे दोन प्रश्न बहुधा कोणी विचारलेलेच नसतात. पुढील विवेचनाचा भर त्या दोन प्रश्नांवर आहे, कारण त्यांची उत्तरे मिळण्याआधी केलेला प्रत्येक उपाय हा अंदाज असतो आणि लायनर एकदा कापला की तो अंदाज मागे घेता येत नाही.

आधी आकडे कागदावर

रिम मोठी झाली म्हणजे टायर मोठा झालाच, असे नाही. टायर बाजूच्या भागांना लागतो तो त्याच्या एकूण व्यासामुळे, रुंदीमुळे आणि रिमच्या ऑफसेटमुळे, म्हणजे चाक किती आत वा बाहेर बसते त्यामुळे. रिमचा व्यास स्वतः काहीच घासत नाही. एकूण व्यास काढण्याची रीत सोपी आहे. टायरची रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी, त्याची दुप्पट, आणि त्यात रिमचे इंच २५.४ ने गुणून मिळवायचे. २३५/६५ आर १७ या मापाचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर येतो, आणि २५५/५५ आर १८ चाही जवळजवळ तेवढाच येतो. म्हणजे रिम एक इंचाने वाढूनही टायरची उंची तीच राहिली. वाढली ती २० मिलिमीटर रुंदी. अशा गाडीला लिफ्ट किट सुचवणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो, हे उघड आहे.

याउलट २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारचे २४५/७५ आर १६ हे माप घेऊ. त्याचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर आहे. त्याऐवजी २६५/७० आर १७ बसवले तर व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर होतो. फरक २९ मिलिमीटरचा. त्यातला निम्मा, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर, गाडी वर उचलतो आणि तितकाच टायर पुढे, मागे आणि वरच्या बाजूलाही वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात तीनएक किलोमीटर अधिक वेगाने धावत असते, हा त्याचा दुसरा परिणाम. रुंदी २० मिलिमीटरने वाढली, म्हणजे ऑफसेट तोच राहिला तर दोन्ही बाजूंना दहा-दहा.

मात्र ऑफसेट क्वचितच तोच राहतो. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे जो आकडा कोरलेला असतो, तो रिमच्या मध्यरेषेपासून हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, म्हणजेच ऑफसेट, मिलिमीटरमध्ये सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते. उदाहरणादाखल, ७ इंच रुंदीची ईटी ४० ची रिम काढून ८ इंच रुंदीची ईटी २० ची रिम लावली, तर रुंदीतल्या वाढीचे १२.७ आणि ऑफसेटमधल्या फरकाचे २० मिळून रिमची बाहेरची कड सुमारे ३३ मिलिमीटर बाहेर येते. आतली कड मात्र सस्पेन्शनपासून सात मिलिमीटर दूरच जाते. अशा चाकाला ‘आत लागत असेल’ म्हणून स्पेसर लावणे म्हणजे दुखणे बाहेर असताना औषध आत देणे होय. जुन्या आणि नव्या रिमची रुंदी व ईटी, आणि दोन्ही टायरांची मापे, हे सारे आकडे हाताशी नसतील तर निदान सुरूच करू नये.

छापील मापावरही पूर्ण विसंबता येत नाही. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्ष रुंदीत थोडे वेगळे भरतात, आणि ऑल-टेरेन किंवा मड-टेरेन टायरांच्या खांद्यावरचे, म्हणजे नक्षी आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेवरचे, ठोकळे साध्या रोड टायरपेक्षा बरेच बाहेर आलेले असतात. त्यातच रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की तोच टायर तिच्यावर साधारण पाच मिलिमीटर अधिक पसरतो. म्हणून ‘मित्राच्या गाडीला हेच माप आहे आणि त्याला काही होत नाही’ हे वाक्य फार गांभीर्याने घेऊ नये.

आवाज घासण्याचाच आहे ना?

ही पायरी थोडक्यात उरकता येते, पण टाळू नये. ताशी २० किलोमीटर वेगाला वर सांगितलेल्या ८०३ मिलिमीटरच्या चाकाचे सेकंदाला दोनपेक्षा थोडे अधिक फेरे होतात. आवाज त्याच ठेक्यात टिक-टिक असा येत असेल, तर टायरमध्ये अडकलेला खडा, वाकलेली रिम किंवा रिमच्या आत चिकटवलेले बॅलन्सिंगचे वजन ब्रेकच्या कॅलिपरला लागणे, यांपैकी काहीतरी असते. नव्या रिम बसवल्यावर शेवटचा प्रकार अनेकदा दिसतो. वळणावर कट-कट असा धातूचा आवाज अ‍ॅक्सलच्या जॉइंटकडे बोट दाखवतो. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि थोडे डावे-उजवे केले की बदलणारी घरघर बेअरिंगची असते. टायर लायनरला घासतो तेव्हा आवाज प्लॅस्टिकवर ब्रश फिरवल्यासारखा सलग येतो, आणि स्टेअरिंग किंवा रस्त्याची पातळी बदलताच थांबतो. नटांचा टॉर्क (घट्टपणा) आणि चारही टायरांतील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

कुठे: खडू, धूळ आणि थोडा धीर

गाडी धुऊन चारही व्हील आर्च (चाकांवरच्या कमानी) आतून स्वच्छ करून घ्यावेत. चिखलाने माखलेल्या लायनरवर जुन्या आणि नव्या खुणा वेगळ्या ओळखता येत नाहीत. वाळल्यानंतर टायरच्या बाहेरच्या खांद्याला एका रंगाचा खडू आणि आतल्या खांद्याला दुसऱ्या रंगाचा खडू जाडसर फासावा. मग एका वेळी एकच हालचाल करावी आणि प्रत्येक हालचालीनंतर उतरून पाहावे. लायनरवर जो रंग उमटेल त्यावरून टायरची बाजू कळते, आणि रंग कुठे उमटला त्यावरून गाडीची बाजू. जिथे टायर प्रत्यक्ष लागत नाही पण शंका आहे, तिथे मुलांच्या खेळातल्या क्लेचा गोळा चिकटवून ठेवावा. चपटा झाल्यावर त्याची जितकी जाडी उरेल तितकेच किमान अंतर तिथे उरलेले असते. इंजिन चालू असताना किंवा स्टेअरिंगवर कोणी बसलेले असताना व्हील आर्चमध्ये हात घालू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये.

टायरवरची खूणही वाचावी. खुणा फक्त चालीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या कडेवर असतील तर धोका मर्यादित असतो. टायरच्या भिंतीवर चकचकीत पट्टा किंवा गोलाकार ओरखडा दिसला तर मामला गंभीर आहे, कारण त्या भागात चालीखाली असतात तसे पोलादी पट्टे नसतात आणि तिथली इजा दुरुस्त होत नाही. आतले धागे दिसू लागले असतील तर तो टायर घाटात न्यायचा नाही, एवढेच. आणि खडूची खूण ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा एबीएसच्या वायरवर सापडली, तर पुढची कोणतीही चाचणी न करता जुनी चाके परत लावावीत.

केव्हा: गाडीच्या स्थिती वेगळ्या करणे

खरे निदान इथे होते, आणि बहुतेक गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी वगळली जाते. गाडीच्या चाकाला तीन प्रकारची हालचाल असते: ते वळते, ते वरखाली होते, आणि सांध्यांतले रबरी बुश दबल्यामुळे ते थोडेसे पुढेमागे सरकते. सपाट फरशीवर स्टेअरिंग पूर्ण कापून दाखवले की पहिलीच हालचाल तपासली जाते, आणि तीही रिकाम्या गाडीत.

वळण्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. ते त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका तिरप्या अक्षाभोवती, वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेभोवती, फिरते. चाक या रेषेपासून जितके बाहेर, तितका त्याच्या बाहेरच्या खांद्याचा फेरा मोठा. त्यामुळे स्टेअरिंग उजवीकडे वळवले की उजव्या चाकाचा बाहेरचा खांदा मागच्या लायनरकडे झेपावतो आणि डाव्या चाकाचा बाहेरचा खांदा पुढच्या बंपरकडे. डावीकडे वळवल्यावर याच्या उलट होते. याचाच एक चमत्कारिक परिणाम असा, की बाहेर आलेले चाक काही गाड्यांत अर्ध्यापाऊण लॉकला (लॉक म्हणजे स्टेअरिंग वळण्याचे टोक) घासते आणि पूर्ण लॉकला मोकळे होते, कारण तोवर तो खांदा सर्वांत अरुंद जागा ओलांडून गेलेला असतो. जो माणूस केवळ दोन टोकांना स्टेअरिंग नेऊन पाहतो, त्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाडी चालण्याच्या वेगाने पुढे सरकत असताना, सावकाश फिरवावे आणि आवाज कोणत्या कोनात सुरू होऊन कुठे थांबतो हे दुसऱ्या माणसाला बाहेरून पाहू द्यावे. नंतर तीच चाचणी रिव्हर्समध्ये करावी. पुढे जाताना ब्रेक मारला की चाक किंचित मागे ढकलले जाते, मागे जाताना ब्रेक मारला की पुढे. केवळ रिव्हर्समध्ये बंपरला लागणारा टायर आणि केवळ पुढे जाताना ब्रेकसरशी मागच्या लायनरला लागणारा टायर, हे दोन्ही लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशांकडे लक्ष वेधतात.

यानंतर दाबाची, म्हणजे चाक वर दबण्याची, चाचणी. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा वळणदार उतार यासाठी फार उपयोगी आहे, कारण तिथे स्टेअरिंग कापलेले असतानाच एक पुढचे चाक वर दबते आणि दुसरे खाली लोंबते. ज्या शहरातल्या टेकडीवर एआरएआयसारखी वाहनचाचणीची संस्था उभी आहे, तिथे आपण पार्किंगच्या उतारावर खडू फासून बसलेले पाहून वॉचमनला काय वाटत असेल ते असो, पण गॅरेजच्या फरशीपेक्षा हा उतार अधिक खरे बोलतो. उतार नसेल तर भक्कम लाकडी ठोकळा किंवा तिरपा रॅम्प एका पुढच्या चाकाखाली आणि त्याच्या तिरप्या समोरच्या मागच्या चाकाखाली ठेवून तीच स्थिती निर्माण करता येते. मागचा अ‍ॅक्सल सलग असलेल्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ थार किंवा जिम्नी, एक चाक वर गेले की संपूर्ण अ‍ॅक्सल तिरपा होतो आणि वरच्या चाकाची माथ्याकडची बाजू आत किंवा बाहेर झुकते. म्हणून या गाड्यांत मागच्या चाकांची तिरपी चाचणी वगळून चालत नाही.

शेवटी वजन. गाडीत नेहमी जितकी माणसे आणि जितके सामान असते तितके भरून हीच सारी तपासणी पुन्हा करावी, आणि मग ओळखीच्या रस्त्यावर जावे. घाट चढताना वजन मागे जाते, उतरताना आणि ब्रेक लावताना पुढे येते. वळणावर ते बाहेरच्या चाकावर येते. सिंहगडाच्या उतारावरचे उजवे वळण हे या सर्वांचे एकत्रित रूप आहे: डावे पुढचे चाक दबलेले, त्याचा बाहेरचा खांदा बंपरच्या दिशेने वळलेला, शिवाय ब्रेक लावलेला. तिथे आवाज आला तर खूण लायनरच्या पुढच्या वरच्या भागात शोधावी. पार्किंगमध्ये सावकाश वळताना येणाऱ्या आवाजाची खूण मात्र बहुधा मागच्या खालच्या कोपऱ्यात, मडफ्लॅपजवळ, सापडते. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दिवे घाट, वरंधा किंवा ताम्हिणी, कोणताही घाट चालेल; फक्त मागून येणाऱ्या वाहनांचा अंदाज घेऊन, रोजच्याच वेगाने चालवावे आणि आवाज आला की पुढच्या सुरक्षित जागी थांबून लगेच खूण पाहावी.

खुणेचा अर्थ

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे लायनरच्या मागच्या खालच्या कडेला किंवा मडफ्लॅपला लागणे. सुटलेली क्लिप बसवणे, मडफ्लॅप थोडा मागे घेणे, लायनर हीट गनने ऊब देऊन मागे दाबणे आणि तसाच थंड होऊ देणे, एवढ्यावर हे भागते. कात्री शेवटी. लायनरच्या मागे पत्र्याची जोडपट्टी असते. टायर तिथपर्यंत पोहोचत असेल तर ती ठोकून आडवी करण्याचा सल्ला मिळतो, आणि तो चुकीचा नाही, पण उघडा पडलेला पत्रा प्रायमर, रंग आणि सीलर लावून बंद केला नाही तर पुण्याचा एक पावसाळा त्याला गंज चढवायला पुरेसा असतो.

आतल्या खांद्याची खूण लोअर आर्मवर, स्टॅबिलायझर बारवर किंवा चॅसीवर पूर्ण लॉकला उमटत असेल, तर चाक गरजेपेक्षा आत आहे. इथे कमी ईटीची रिम किंवा हबवर नेमका बसणारा पातळ स्पेसर अर्थपूर्ण ठरतो. मात्र स्पेसरने स्टडची (नट ज्यावर बसतो त्या हबवरच्या बोल्टची) उरलेली लांबी कमी होते. नटाची पकड किमान स्टडच्या जाडीइतकी असावी, हा साधा नियम आहे. १२ मिलिमीटर जाड आणि १.५ मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) स्टडवर याचा अर्थ नट किमान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. हे फेरे हाताने मोजता येतात आणि मोजावेत. काही गाड्यांत, विशेषतः पुढेही सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत, स्टेअरिंग थांबवणारे बोल्ट थोडे बाहेर काढून लॉक मर्यादित करता येतो. त्यामुळे गाडीला वळायला जास्त जागा लागते, आणि पेठांतल्या गल्ल्यांत गाडी नेणाऱ्याला ते रोज जाणवेल.

तिसरा प्रकार फसवा आहे. आवाज सरळ जाताना, वळताना, रिकामी गाडी असताना आणि भरलेली असताना, सर्व वेळी सारखाच येत असेल, तर टायर अशा भागाला लागतो आहे जो चाकाबरोबरच हलतो. क्रेटासारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत तो भाग म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्यावरची स्प्रिंगची खालची बशी. स्ट्रट चाकासोबतच वळतो आणि वरखाली होतो, त्यामुळे टायर आणि बशी यांच्यातले अंतर गाडीची उंची वाढवून वाढत नाही आणि लॉक कमी करूनही वाढत नाही. टायर अरुंद किंवा कमी उंचीचा घेणे, अथवा ऑफसेट बदलणे, हेच मार्ग उरतात. दुहेरी आर्मच्या गाड्यांत नकलचा (हब धरून ठेवणाऱ्या भागाचा) वरचा भाग आणि वरचा बॉल जॉइंट हीच भूमिका बजावतात.

आणि चौथा प्रकार दाब वाढल्यावर व्हील आर्चच्या माथ्याला लागण्याचा. याबाबतचा गैरसमज सर्वांत महागात पडतो, म्हणून थोडे सविस्तर. उंच स्प्रिंगांचा लिफ्ट किट लावला की उभी गाडी उंच दिसते, टायर आणि फेंडर यांच्यात मूठभर जागा दिसते आणि मालकाला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण सस्पेन्शन पूर्ण दबते तेव्हा चाक किती वर जाईल, हे स्प्रिंगची उंची ठरवत नाही. ते बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणारा ठोकळा, ठरवतो. बंप स्टॉप तोच असेल तर मोठ्या खड्ड्यात चाक पूर्वी जिथपर्यंत जात होते तिथपर्यंतच जाईल आणि तिथेच लागेल, फक्त तिथे पोहोचायला थोडा मोठा खड्डा लागेल. म्हणूनच लिफ्टनंतर शहरात आवाज थांबतो आणि भोरच्या पुढे परत येतो. या दुखण्यावर योग्य औषध म्हणजे योग्य उंचीचा बंप स्टॉप, थकलेल्या स्प्रिंगांच्या जागी मूळ क्षमतेच्या स्प्रिंगा, किंवा मुकाट्याने एक माप खाली येणे. लिफ्ट करायचाच असेल तर त्यासोबत बंप स्टॉप, ब्रेकच्या नळ्यांची लांबी आणि अलाइनमेंट या तिन्हींचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा.

बरा झालेला आवाज परत का येतो

पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या लायनरमागे चिखल आणि खडी साचते. वाळल्यावर ती घट्ट बसते आणि लायनर आतून फुगवून टायरकडे ढकलते. उन्हाळ्यात मोकळी असलेली जागा गणपतीपर्यंत नाहीशी होते. लायनर काढून मागची बाजू धुणे हा याचा पूर्ण उपाय आहे, आणि त्याला एक पाना व मूठभर नव्या क्लिप पुरतात. दुसरे कारण म्हणजे स्प्रिंगा बसणे: मागच्या सीटवर नेहमी माणसे आणि छतावर कॅरिअर असलेली गाडी वर्षभरात थोडी खाली येऊ शकते. चारही फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर सपाट जागेवर मोजून लिहून ठेवले असेल तर हे लगेच पकडता येते. हे अंतर हबपासून मोजल्यामुळे टायर बदलला तरी तुलना बिघडत नाही. तिसरे, टायर बदलताना तेच माप पण जास्त खडबडीत नक्षी निवडणे. आणि चौथे, अलाइनमेंट: कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) बदलला की चाक आर्चमध्ये पुढे किंवा मागे सरकते, त्यामुळे अलाइनमेंटनंतर सुरू झालेल्या आवाजात आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये ठळक फरक असेल आणि आवाजही एकाच बाजूला असेल, तर शोध तिथेच संपतो. अन्यथा एकाच बाजूला घासणाऱ्या गाडीत आधी जुन्या अपघाताची किंवा वाकलेल्या आर्मची शंका घ्यावी. कारण चाके तर दोन्ही बाजूंना सारखीच मोठी केलेली आहेत.

माप ठरवताना

टायरवरचा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असू नये. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. माप मोठे म्हणजे भारक्षमताही मोठी, असे गृहीत धरता येत नाही. रिम मोठी करून भिंत बारीक केली की हा आकडा कधी कधी खालीही येतो.

कायद्याची बाजूही टाळता येण्याजोगी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला दिलेले माप निवडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि टायर घासण्याच्या दृष्टीनेही तोच सर्वांत निर्धास्त आहे, कारण त्या मापासाठी दाब, लॉक आणि वजन यांची तपासणी कारखान्यात आधीच झालेली असते. माप वाहनपुस्तिकेत आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवर पाहता येते. विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवावा. अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नवी चाके अजून घ्यायची असतील तर दुकानदाराला एकच विनंती करावी: चारही टायर चढवण्याआधी एक चाक तयार करून ते पुढे आणि नंतर मागे लावून पाहू द्यावे, आणि तेही गाडीत चार माणसे बसवून, जवळच्या एखाद्या उतारावर. रिमवर टायर चढवल्याच्या खुणा पडल्या की ती परत घेतली जात नाही, त्यामुळे ही चाचणी बिल होण्याआधी झाली पाहिजे. जो दुकानदार याला नकार देतो, त्याच्याकडून ईटीचा आकडा आणि रिमची रुंदी बिलावर लिहून घ्यावी.